भामाबाईंच्या मुठी

जीवनराव मोकल टॉर्च शोधत होते आणि त्यांच्या हाताला मासा लागला.

लाकडी मासा. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, भामाबाईंच्या ठेवणीतल्या साड्यांमागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. चांगला वीतभर, अंगावर खवले कोरलेले, डोळ्यांच्या जागी काचेचे मणी, आणि शेपटीखाली पितळी आटे असलेलं भोक. शेजारच्या टॉवेलात एक दीपस्तंभ निघाला, त्यापुढच्यात एक बूट, आणि शेवटच्यात हातात पेला धरलेला एक ढेरपोट्या दाढीवाला. तो जीवनरावांकडे बघून हसत होता.

"अहो, टॉर्च मीटरच्या पेटीवर आहे," स्वयंपाकघरातून भामाबाई म्हणाल्या.

"हे काय आहे?"

भामाबाई हात पुसत दारात आल्या. माशाकडे बघून म्हणाल्या, "ते? बिअरच्या नळाची मूठ."

अगदी "ते? धण्याची पूड" म्हणावं अशा आवाजात.

आता हे उत्तर दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर चाललं असतं. पण जीवनराव पनवेलच्या एका सहकारी बँकेत अंतर्गत तपासणीचं काम बघायचे. शाखेतला माणूस घाबरत, अडखळत उत्तर देऊ लागला की जीवनराव त्याला स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजायचे. न अडखळता दिलं की त्याच्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या मागून घ्यायचे. आणि भामाबाई मुळीच अडखळल्या नव्हत्या.

मोठ्या हॉटेलांत बिअर नळातून देतात हे जीवनरावांना ऐकून माहीत होतं. नळ म्हटला की तो उघडायला काहीतरी लागणार, हेही त्यांना मान्य होतं. पण प्रत्येक कंपनी त्या नळावर आपली वेगळी मूठ बसवते, लांबून ओळखू यावी म्हणून तिला मासा, घोडा, बूट असला आकार देते, कंपनी बदलली की जुनी मूठ भंगारात जाते, आणि अशा मुठी जमवणारी चांगली शिकलेली माणसं जगभर पसरलेली आहेत, हे त्यांना त्या दिवशी बायकोकडून कळलं. भामाबाई चित्रकलेच्या शिक्षिका, नुकत्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. जासईच्या कंटेनर यार्डातला बेवारस माल लिलावात उचलून विकणारा काशिराम म्हणून एकजण होता, त्याच्या गाळ्यात त्या जुनी फ्रेम बघायला गेल्या आणि मासा घेऊन आल्या.

"खवले बघा ना, अहो. एकासारखा दुसरा नाही. कुणीतरी जीव ओतून कोरलाय. आणि लावलाय कशाला, तर नळाला!"

"पण तू बिअर पीत नाहीस."

"तुम्ही पोस्टाची तिकिटं जमवायचात, तेव्हा कुणाला पत्रं लिहीत होतात?"

 जीवनरावांनी मासा टॉवेलात गुंडाळून होता तसा ठेवला आणि संशय मनात ठेवला.

घरकामाला येणाऱ्या गंगाबाईंनी तर त्याच दिवसापासून त्या खोलीत केर काढणं सोडून दिलं. त्या पडल्या श्रीवर्धनकडच्या. बाईंनी कपाटात मुठी जमवल्यात एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्यांच्या गावात मूठ एकाच कामासाठी मारतात. भामाबाईंनी त्यांना मासा दाखवून पुन्हा पुन्हा समजावलं. गंगाबाई उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या, "तुमी वाईट नाय बाय, पन माशाची नजर बरी नाय."

संशयाला खरं खतपाणी मिळालं ते फोनवरून. भामाबाई कुकर उतरवत होत्या आणि त्यांचा फोन जेवणाच्या टेबलावर जीवनरावांच्या ताटाशेजारी पडला होता. तो उजळला. वर इंग्रजीत तीन अक्षरं. जे, ए, एन. जीवनरावांनी ती एकेक वाचली, मग जोडली.

जान.

खाली लिहिलं होतं की जानने फोटो पाठवला आहे.

जीवनरावांचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या वाट्याला फक्त 'अहो' आलं होतं. एकदा महाबळेश्वरला, बोटीत, भामाबाई त्यांना 'जीवन' म्हणाल्या होत्या, पण तेव्हा बोट हलत होती. आणि इथे कुणी सरळ जान होऊन ऐन जेवणाच्या वेळी फोटो पाठवत होता! विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तपासणीचा पहिला नियम असा की विचारायचं शेवटी. आधी विचारलं की सगळे कागद जागच्या जागी येऊन बसतात.

पण मनात ठेवायचं म्हणजे किती ठेवायचं? दोन दिवसांत त्यांना अपचन झालं. शेवटी समोरच्या हेतलबेन दारात भाजी निवडत बसल्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी विषय काढला. अर्थात नाव न घेता.

"माझ्या एका मित्राची बायको आहे. वय पन्नाशीच्या पुढे. तिच्या कपाटात दारूच्या दुकानातल्या वस्तू सापडल्या."

"भामाबेन?" हेतलबेननी विचारलं.

"छे! मित्राची."

"हां, हां. मित्राची." हेतलबेननी भाजी बाजूला सारली. "ऐका जीवनभाई. वस्तूवर जाऊ नका. वासावर जा. बाई घेत असेल तर वेलची खाते. माझी मावसासू खायची. एवढी वेलची, एवढी वेलची, आम्हाला वाटायचं किती धार्मिक आहे."

त्या संध्याकाळपासून जीवनराव वासावर गेले. मात्र हेतलबेननी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. दिवस कलला की तळोज्याकडून वारा सुटतो, आणि मग पनवेलच्या त्या टोकाला माणसाला, भिंतींना, दुधाच्या पातेल्याला, सगळ्यांना एकच वास येतो. कधी सडक्या अंड्याचा, कधी नेलपॉलिशचा. या वाऱ्यात बायकोच्या श्वासाचा वेगळा तपास करायचा तर नाक पार जवळ न्यावं लागतं. जीवनरावांनी ते नेलं.

"काय हुंगताय?" भामाबाईंनी विचारलं.

"काही नाही. वेलची टाकलीस का चहात?"

"रोजच टाकते."

रोजच! जीवनरावांनी उठून वेलचीच्या डबीत किती उरल्यात ते बघितलं.

मग एका दुपारी पोस्टमनने चिठ्ठी दिली. सौ. भामा मोकल यांच्या नावे परदेशातून पार्सल आलं आहे, ते अडवून ठेवलं आहे, ओळखपत्र घेऊन यावं. पाठवणाऱ्याचं नाव होतं जान. पुढे आडनाव होतं, पण त्यात इतकी व्यंजनं एकामागोमाग उभी होती की ते आडनाव नसून सांकेतिक भाषा असावी असं जीवनरावांचं मत पडलं. चिठ्ठी खिशात घालून ते दुसऱ्या दिवशी रजा टाकून परदेशी पार्सलांच्या ऑफिसात हजर झाले.

खिडकीतल्या साहेबांनी चिठ्ठी वाचली. "भामा मोकल तुम्ही?"

"मी त्यांच्या घरचा."

"पार्सलवर लिहिलंय, बिअरचं साहित्य. बिअर आहे का यात?"

"नाही. बिअरची मूठ आहे."

"मग बिअर कुठे आहे?"

"बिअर नाहीच आहे."

साहेबांनी चष्मा वर केला. मागवली होती आणि वाटेत संपली, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला. "असं करा, यात दारू नाही असं दारूच्या परवान्यांच्या ऑफिसातून लेखी आणा."

जीवनराव तिकडे गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "दारू आहे का त्यात?"

"नाही."

"मग आमचा अधिकार येत नाही."

"तेवढंच लेखी द्या. अधिकार येत नाही म्हणून."

"अधिकार नसताना लेखी कसं देणार?" बाई म्हणाल्या. आणि हे इतकं बिनतोड होतं की जीवनरावांना क्षणभर त्या बाईंविषयी आदर वाटला. बँकेत त्यांनी स्वतः कित्येकांना असंच परत पाठवलं होतं.

ते पुन्हा पहिल्या खिडकीवर आले तेव्हा मागे चांगली रांग लागली होती. साहेबही आता इरेला पेटले होते.

"पाठवणाऱ्याशी नातं काय?"

 नेमकं तेच शोधायला तर जीवनराव आले होते.

"अहो, हा जान कोण तुमचा?" साहेबांनी आवाज चढवला.

"मित्र," जीवनराव पुटपुटले.

"कोण?"

"मित्र! जान माझा मित्र आहे!"

रांगेतली माणसं थोडी मागे सरकली. एका आजोबांनी नातीला दुसऱ्या बाजूला उभं केलं. साहेब हळू आवाजात म्हणाले, "बरं बरं. काही हरकत नाही. आजकाल कायद्याने चालतं. पण सही मात्र बाईंचीच लागेल." आणि चिठ्ठी परत केली. जीवनराव ज्या जिन्याने आले होते त्या जिन्याने न उतरता मागच्या जिन्याने उतरले.

घरी येऊन त्यांनी चिठ्ठी गुपचूप वर्तमानपत्राखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी भामाबाई गेल्या आणि जेवणाच्या आत पार्सल घेऊन परत आल्या. आत चिनीमातीची एक मूठ होती, पांढरी, निळ्या फुलांची, आणि तिच्या टोकावर एक हंस.

"तिथले साहेब किती चांगले आहेत हो! मी फोनवर बाकीच्या मुठींचे फोटो दाखवले, तर त्यांनी आतल्या सगळ्यांना बोलावलं. चहा दिला. आणि म्हणाले, बाई, जपून राहा, काल एक गृहस्थ तुमच्या पार्सलसाठी येऊन गेला. सारखा घाम पुसत होता म्हणे."

"कोण असेल?" जीवनरावांनी विचारलं.

"कोण असेल?" भामाबाई म्हणाल्या, आणि हंस उजेडात धरून बघू लागल्या.

यानंतर भामाबाई दुपारी बाहेर पडू लागल्या. "जरा जाऊन येते," एवढंच. येताना खांद्यावरची कापडी पिशवी जड झालेली असे आणि चेहऱ्यावर तकाकी. जीवनरावांनी बँकेत अर्ध्या रजा टाकायचा सपाटा लावला आणि एके दिवशी कोपऱ्यावर रिक्षात दबा धरून बसले. भामाबाईंची स्कूटर निघाली.

"त्या स्कूटरच्या मागे घ्या."

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "मिसेस का, साहेब?"

"नाही. बँकेचं काम आहे."

"बँकेचं असेल तर मीटरनं जाऊ," रिक्षावाला म्हणाला. पनवेलात रिक्षावाल्याने आपणहून मीटरचं नाव काढणं ही साधी गोष्ट नाही. या माणसाला आपली दया आली आहे हे जीवनरावांना कळलं आणि ते आणखी खोल बसले.

स्कूटर जुन्या हायवेने गेली आणि एका पाटीखाली थांबली. हॉटेल सागरकन्या, फॅमिली रेस्टॉरंट आणि परमिट रूम. भामाबाईंनी हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि आपल्या माहेरी जावं तशा आत गेल्या.

जीवनराव जन्मात परमिट रूममध्ये गेले नव्हते. सदऱ्याची कॉलर वर करून ते आत शिरले, आणि अंधाराला डोळे सरावल्यावर त्यांना दिसलं की काउंटरच्या समोर एक भलीमोठी माशांची टाकी आहे. तिच्या मागच्या टेबलावर ते बसले. टाकीतून पलीकडचं सगळं दिसत होतं, फक्त हिरवट आणि जरा वाकडं. भामाबाई उंच स्टुलावर चढून काउंटरवरच्या नळाचं काहीतरी फिरवत होत्या. समोर पांढऱ्या शर्टातला एक पस्तिशीचा माणूस त्यांना पाना देत होता आणि दोघं हसत होते. कशाला हसत होते ते बघायला जीवनराव पुढे झुकले की टाकीतला एक जाडा नारिंगी मासा नेमका मध्ये येऊन उभा राहायचा.

"काय देऊ?" वेटर आला.

"पाणी."

"आणि पाण्यात?"

"पाण्यात काही नाही. बरं, लिंबू सोडा द्या."

"सोडा कशात?"

"ग्लासात!"

वेटर असं बघून गेला, जणू अशी माणसंही येतात कधी कधी. भामाबाईंनी चहा घेतला, नळावरून उतरवलेली जुनी मूठ पिशवीत टाकली आणि निघाल्या. त्यात आक्षेपार्ह काही नव्हतं. पण तपासणीत पहिल्या फेरीत काही सापडत नाही, याचा अर्थ ते चांगलं लपवलेलं आहे. त्यामुळे जीवनराव पुन्हा गेले. आणि पुन्हा. हळूहळू त्यांना ते टेबल ओळखीचं झालं, नारिंगी माशाचं वेळापत्रक कळलं, आणि सोड्याबरोबर फुकट मिळणारे खारे शेंगदाणे आवडू लागले.

अशाच एका दुपारी वेटर लांबूनच ओरडला, "काका, नेहमीचंच ना?"

आणि जीवनरावांनी मान डोलावली, तेवढ्यात काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाने वळून पाहिलं. तो सोसायटीचा सेक्रेटरी देवेश होता.

"काका? तुम्ही?"

"मी... तू?"

"मी पार्सल न्यायला आलोय. चिकन." देवेशने पिशवी वर करून दाखवली. पार्सल न्यायला आलेल्या माणसाबद्दल लोक काही बोलत नाहीत. त्याला घाई असते, हातात पिशवी असते, तो उभा असतो. संशय बसलेल्याचा घेतात. त्यातून दुपारी बसलेल्याचा. त्यातून ज्याचं 'नेहमीचं' ठरलेलं आहे त्याचा.

देवेश काही बोलला नाही. तो माणूसच तसा सभ्य. त्याने फक्त बायकोला सांगितलं.

दोन दिवसांत सोसायटी बदलली. वॉचमन जिन्यापाशी जीवनरावांच्या कोपराला हात देऊ लागला. ग्रुपवर सकाळच्या फुलांऐवजी यकृताचे फोटो येऊ लागले, निरोगी डावीकडे आणि दुसरं उजवीकडे. सगळ्यात वर्मी लागलं ते देवेशचं बोलणं. सोसायटीच्या कारभारावर नजर ठेवायचं काम इतकी वर्षं जीवनरावांकडे होतं. त्यांनी लिफ्टच्या ग्रीसपर्यंत चौकशा केल्या होत्या. देवेश घरी येऊन, खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "काका, या वर्षी तुम्ही जरा आराम करा. आम्ही दुसरं कुणीतरी बघतो. टेन्शन घेऊ नका. टेन्शननेच होतं हे."

"काय होतं?"

देवेशने जीवनरावांच्या गुडघ्यावर थोपटलं आणि तो निघून गेला.

हेतलबेनना तर सगळा उलगडा झाला होता. मित्र नाही, मित्राची बायको नाही. स्वतः घेतो आणि बिचाऱ्या भामाबेनवर ढकलतो! त्या दुपारीच डबाभर ठेपले घेऊन आल्या आणि भामाबाईंचा हात हातात धरून बराच वेळ बसल्या.

संध्याकाळी भामाबाईंनी टीव्ही बंद केला आणि जीवनरावांच्या समोर बसल्या.

"अहो, तुम्ही पिता?"

जीवनरावांना हायसंच वाटलं. आता सांगून टाकू, त्यांनी ठरवलं. नाही पीत, तुझ्यावर पाळत ठेवत होतो, आता मला फक्त जान कोण ते सांग. ते तोंड उघडणार इतक्यात भामाबाईच पुढे बोलल्या.

"पीत असाल तर सांगा. मी समजून घेईन. माझे अण्णा प्यायचे, मला नवीन नाही ते. माणूस सुधारतो. पण दुसरं काही असेल तर मात्र मला चालणार नाही. आमच्या शाळेत त्या गाण्याच्या बाई होत्या ना, त्यांचा नवरा रोज गेटबाहेर उभा राहायचा. कुणाशी बोलतात, किती वाजता निघतात. वीस वर्षं काढली त्या बाईनं. मी तेव्हाच ठरवलं होतं, असं कुणी माझ्याशी वागलं तर मी एक दिवस त्या घरात राहणार नाही."

पंखा फिरत होता. तळोज्याचा वारा सुटला होता. आज अंड्याचा होता.

"पितो," जीवनराव म्हणाले.

"खरंच?"

"हो. बरेच दिवस."

"किती?"

आता पिण्यातलं माप जीवनरावांना ठाऊक नव्हतं. "दोन कप."

"कप?"

"म्हणजे ग्लास. मोठे."

"कसली?"

"पांढरी."

भामाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. त्यांचे खांदे हलत होते. जीवनरावांना ते बघवलं नाही. आपण या बाईला काय काय बघायला लावलं, असं त्यांना वाटलं, आणि त्या रात्री, न प्यायलेल्या दारूची त्यांना मनापासून लाज वाटली.

पुढचं सगळं देवेशने हातात घेतलं. सोसायटीचा वर्धापनदिन आलाच होता. व्याख्यान, हळदीकुंकू, लहान मुलांचा नाच, आणि या वर्षी विशेष म्हणून श्री. जीवनराव मोकल यांचा व्यसनमुक्तीचा संकल्प. जीवनरावांनी खूप सांगितलं की मी घरीच सोडतो, गुपचूप सोडतो. पण देवेश म्हणाला की गुपचूप सोडलेली टिकत नाही, चारचौघांसमोर सोडलेलीच टिकते.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत भामाबाई, त्यांच्या शेजारी हेतलबेन, हातात आधीच रुमाल. जीवनरावांना हार घातला, हातात नारळ दिला आणि माइकपाशी उभं केलं. "काका, मनातलं बोला," देवेश म्हणाला.

जीवनराव बोलायला लागले. सुरुवातीला शब्द पाठ केल्यासारखे निघत होते. पण माणूस खोटं बोलतानाही कुठून तरी खरंच आणतो. ते म्हणाले, आपण सुखी होतो आणि आपल्याला ते कळलं नाही. ते म्हणाले, एक गोष्ट डोक्यात शिरली की ती आतून पोखरते, जेवण गोड लागत नाही, झोप येत नाही, घरचं माणूस समोर बसलेलं असतं आणि आपण त्याला बघत नाही. ते म्हणाले, अंधारात एकट्याने बसून मी जे केलं त्याची मला शरम वाटते. त्यांचा आवाज भरून आला, आणि तो खरोखरच भरून आला होता.

हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. हेतलबेन उघड रडत होत्या. आणि शेवटी जीवनरावांनी नारळ वर धरून, यापुढे परमिट रूमची पायरी चढणार नाही अशी शपथ घेतली, तेव्हा टाळ्यांत एकदम गडबड झाली. देवेशची बायको समृद्धी उठून उभी राहिली होती. "देवेश! तू पण जा स्टेजवर. जा, आत्ताच्या आत्ता जा. बुधवारचं चिकन मला माहीत नाही असं समजू नकोस!" देवेश हार, नारळ आणि माइक यांच्या मध्ये सापडला आणि त्यालाही शपथ घ्यावी लागली.

घरी आल्यावर भामाबाईंनी चहा टाकला. वेलची घातली. कप पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "छान बोललात."

"हं."

"सागरकन्याचा मॅनेजर आहे ना, प्रणित. त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाला, म्याडम, टाकीमागं ते काका बसलेत ना, ते तुमच्याकडंच बगतात. एक्साइजवाले हायेत का? म्हटलं नाही रे, ते आमचे मिस्टर आहेत. लाजरे आहेत."

जीवनरावांच्या कपातला चहा बशीत सांडला.

"पहिल्याच दिवशी?"

"मग? रोजचे शेंगदाणे फुकट कोण देतं? मीच सांगितलं होतं, उपाशीपोटी सोडा नको म्हणून."

"मग तू मला विचारलंस ते..."

"खरं सांगायची संधी दिली तुम्हाला. तुम्ही पांढरी दोन कप सांगितलीत." भामाबाई आता हसत नव्हत्या. "राग आला मला. फार आला. बॅग काढली होती वरून. मग वाटलं, जो माणूस इतक्या लोकांसमोर न घेतलेली दारू सोडतो, त्याला मी एकट्याला सोडलं तर तो आणखी काय काय सोडत बसेल."

 जीवनराव बशीतला चहा कपात ओतत म्हणाले, "जान कोण?"

भामाबाईंनी फोन काढला, लावला आणि समोर धरला. पडद्यावर एक पिकल्या मिश्यांचा म्हातारा आला. नाकात ऑक्सिजनची नळी, मागे भिंतभर मुठी, आणि शेजारी त्याची म्हातारी, विणकाम करत बसलेली.

"यान," भामाबाई म्हणाल्या. "झेक देशातला आहे. तिकडे जे लिहितात आणि य म्हणतात. तीस वर्षं पोस्टात होता." मग पडद्याकडे वळून त्यांनी इंग्रजीत सांगितलं की हा माझा नवरा. म्हाताऱ्याने हात हलवला. जीवनरावांनीही हलवला. म्हातारीने विणकाम वर करून दाखवलं. जीवनरावांना काय दाखवावं कळेना, त्यांनी नारळ दाखवला.

पुढच्या आठवड्यात भामाबाई म्हणाल्या, "प्रणितकडे एक नवीन मूठ निघालीय, घोड्याची. चला बरोबर. या वेळी समोर बसा."

"मला कसं येता येईल? शपथ घेतलीय."

"हो की. मग बाहेर थांबा, हेल्मेट धरून."

असे जीवनराव मोकल भर दुपारी हॉटेल सागरकन्याच्या पाटीखाली, दोन हेल्मेटं घेऊन, उन्हात उभे राहिले. आतून पाना फिरवल्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. त्यांनी ठरवून दाराकडे पाठ केली आणि हायवेकडे तोंड केलं. बरं वाटत होतं. इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

समोर करकचून ब्रेक लागला. हेतलबेनची स्कूटर.

"जीवनभाई!"

"नमस्कार. ते, भामा आत आहे."

"भामाबेन आत? दारूच्या हॉटेलात?"

"हो. ती आत आहे म्हणून मी बाहेर उभा आहे."

हेतलबेननी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "जीवनभाई, मन होतं, मला कळतं. पण आता तरी त्या बिचारीचं नाव नका घेऊ. बसा मागे."

"अहो, पण..."

"एक शब्द नको. बसा म्हणते ना! सगळ्या सोसायटीसमोर नारळ घेतलाय तुम्ही."

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली होती. रिक्षातून एकजण म्हणाला, "बसा काका, ताई चांगलं सांगतात." जीवनराव दोन हेल्मेटं छातीशी धरून मागे बसले आणि हेतलबेननी त्यांना उरण नाक्यावरून, बाजारातून, सगळ्यांच्या देखत घरी आणून सोडलं. दारापर्यंत पोचवलं आणि बाहेरून कडी घातली.

फोन वाजला. भामाबाई होत्या.

"अहो, कुठे आहात? मी बाहेर येऊन बघते तर तुम्ही नाही."

"घरी."

"घरी? कसे गेलात?"

"हेतलबेननी आणलं. स्कूटरवर."

"का?"

"बसा म्हणाल्या. म्हणून बसलो."

 पलीकडे प्रणितचा रेडिओ लागलेला ऐकू येत होता. मग भामाबाई अगदी सावकाश, एकेक शब्द मोजून बोलल्या.

"हेतल तिकडे हायवेला काय करत होती?"